दळवीसाहेबांचे दोन दौरे

दळवीसाहेबांशी माझी ओळख भांडणाने झाली आणि ते भांडण एका शब्दावरून झालं. तो शब्द म्हणजे दौरा. आमच्या करमाळ्याकडे दौरा म्हणजे साहेब लोकांचं गावोगाव हिंडणं. जीप येते, धूळ उडते, तलाठी पळापळ करतो, तो दौरा. इथे दिल्लीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी विचारत नाही. चौथी शिकलेला माणूस एकदा विचारायला लागला, की लोक त्याला सगळंच सांगायला लागतात.

मी गवंडी. उभा जन्म ओळंबा हातात धरून काढला. बायको गेल्यावर मुलाने मला इकडे मयूर विहारला आणलं. आलो त्याच दिवशी लिफ्टशेजारच्या भिंतीवरून हात फिरवला आणि मुलाला म्हणालो, हिला पोट आलंय. तो म्हणाला, बाबा, प्लीज यार, खाली कुणाला बोलू नका, फ्लॅटची किंमत उतरते. मग मी गप्प बसायला शिकलो. हिंदी मला येत नव्हती, शिकायची नव्हती, आणि गप्प बसायला हिंदी लागत नाही.

मुलानेच सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ एकटेच राहतात, केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेत, जाऊन बसत जा. मी गेलो. दार त्यांच्या कामवालीने उघडलं. ती म्हणाली, "साहब को कल दौरा पड़ा था, अभी सो रहे हैं।" यातले साहब, कल आणि दौरा हे शब्द मला कळले. साहेब काल दौऱ्यावर गेले. रिटायर झाल्यावरही सरकार बोलावतंय म्हणजे माणूस कामाचा असणार, असं मनात म्हणत मी खाली आलो.

संध्याकाळी वर बघतो, तर साहेब बाल्कनीत. मफलर गुंडाळून, कठड्याला धरून उभे.

माझं डोकं फिरलं. त्याला कारण आहे. गावाकडे एका शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचे पैसे मिळवायला मी कचेरीत चपला झिजवल्या. दर वेळी शिपाई सांगायचा, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि अर्ध्या दाराच्या खालून साहेबांचे बूट दिसायचे. आता दिल्लीतही तेच म्हटल्यावर मी रात्र कशीबशी काढली. सकाळी ते सोसायटीच्या बागेत उन्हाला बाकावर बसलेले दिसले. समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "दौऱ्यावर होतात ना तुम्ही?"

त्यांच्या कपाळावर निळं टेंगूळ होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला.

"होतो," म्हणाले. "परत आलो."

"कुठे होता दौरा?"

"ते कधीच कळत नाही. परत आल्यावर लोक सांगतात."

मला वाटलं, माणूस माझी थट्टा करतोय. मी आवाज चढवला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की मला खरंच ठाऊक नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं, धंदा विचारला आणि सांगितलं, की हिंदीत फिट येण्याला दौरा पडणं म्हणतात. आमच्याकडे त्याला फेफरं म्हणतात. ते सांगता सांगता त्यांना हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी रुमालाने पुसत म्हणाले, "मिस्त्री, नोकरीभर माझे दोन दौरे. एकाचा भत्ता मिळायचा. पण त्यावरून भांडायला आलेले तुम्ही पहिले."

तेव्हापासून मी त्यांचा मिस्त्री आणि ते माझे साहेब.

शरीर म्हणाल तर काडीसारखं. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नोकरीची सगळी वर्षं गेली. तेव्हा त्यांच्या बाईसाहेब होत्या. फिट आली, की त्या हिंदी शेजारणीला सांगायच्या, दौरा पड़ा है. मराठी शेजारणीला सांगायच्या, दौऱ्यावर आहेत. साहेब म्हणायचे, आमची ही आयुष्यात एकदाही खोटं बोलली नाही.

खाली त्यांची स्कूटर होती. रोज सकाळी फडक्याने पुसायचे, आरसा पुसायचे, सीटवर हात फिरवायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. कधी चालवायचे नाहीत. मी म्हटलं, मग विकून टाका. ते म्हणाले, चालवू नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, पुसू नको असं कुठे सांगितलंय. मेट्रोच्या फलाटावर ते पार मागे, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. गाडी येऊन थांबेपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाहीत. मला वाटायचं भितात. पण भित्रा माणूस बाथरूमची कडी काढून टाकतो का? यांनी टाकली होती. माझी गवंड्याची नजर, पहिल्यांदा घरी गेलो तेव्हाच दारावर स्क्रूची भोकं दिसली. म्हटलं, साहेब, कडी निखळलीय, उद्या बसवून देतो. म्हणाले, मीच काढली. आत पडलो तर दार फोडायला तुम्हाला त्रास नको. हे ते अशा आवाजात म्हणाले, जसं कुणी सांगावं की दूध आज जरा जास्त घेतलंय. यांना भीती वाटते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि गोळी. साहेबांचं सगळं घड्याळ त्या गोळीभोवती फिरायचं. सकाळी एक, रात्री एक, ठरल्या वेळेला. प्रत्येक वाराला सकाळचं एक आणि रात्रीचं एक अशी झाकणं असलेली एक प्लास्टिकची डबी होती. झाकण उघडायचं, गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं आणि उजवा पंजा उघडून समोरच्याला दाखवायचा. ही बाईसाहेबांच्या वेळची सवय. त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, घेतली? हे बोलायचे नाहीत, नुसता रिकामा पंजा दाखवायचे. बाईसाहेब गेल्या, पंजा राहिला. मग जो समोर असेल त्याला दाखवायचे. मला, गेटवरच्या तिवारी गार्डला, कधी मांजरालासुद्धा. पहिल्या दिवशी बाकावर त्यांनी माझ्यापुढे पंजा उघडला, तेव्हा मला वाटलं काहीतरी मागताहेत. माझ्या खिशात शेंगदाणे होते, थोडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते एकेक करून खाल्ले. पुढे तो रिवाजच पडला.

पण गोळीवरून आमचं कधी पटलं नाही. माझं म्हणणं साधं आहे. दुखतंय तोवर औषध, बरं वाटलं की बंद. माझी बीपीची गोळी मी अशीच घेतो, सून कितीही बोलू दे. मी त्यांना म्हणायचो, साहेब, तुम्हाला कित्येक महिन्यांत काही झालं नाही, मग अजून कशाला गिळता? स्लॅब ओतायच्या आधी खाली टेकू देतो आम्ही, पण स्लॅब धरला की टेकू काढतो ना? कायमचे ठेवले तर माणसं घरात चालणार कुठून?

ते म्हणाले, "टेकू काढायचे का, हे कोण ठरवतं? घरमालक?"

"छे. आम्ही ठरवतो."

"आणि काढताना सगळे एकदम काढता?"

"एकदम काढले तर डोक्यावर येईल की. एकेक काढायचा, अंदाज घेत."

"मग माझ्या मिस्त्रीला ठरवू दे. तो म्हणाला काढू, तर तोच काढेल, हळूहळू. आणि नाहीच काढला तर समजा, तो टेकू नव्हता, खांब होता."

एवढीशी पांढरी गोळी खांब कशी असेल? घरी येऊन मी बराच वेळ त्याचा विचार केला आणि सुनेवर उगाच चिडलो.

मग त्यांनी त्या टेंगळाची गोष्ट सांगितली. नागपूरला भाच्याच्या लग्नाला गेले होते. डबी इथेच टेबलावर राहिली. लग्नघरात पाहुण्यांची गर्दी, औषधाचं दुकान लांब, कुणाला त्रास द्यायचा म्हणून म्हणाले, दोन दिवसांनी काय होतंय. परत आले त्याच दिवशी स्वयंपाकघरात पडले. कामवाली होती म्हणून निभावलं. पुण्याचा मुलगा अभय विमानाने धावत आला. चांगला मुलगा आहे, मी भेटलोय. त्याने बापाला सांगितलं, बाबा, आता पुण्याला चला. साहेब नाही म्हणाले. त्यांची उभी हयात या शहरात गेलेली, इथली थंडी, इथलं ऊन, इथलं वाचनालय. पुण्यात ते मुलाच्या घरी पाहुणे झाले असते. शेवटी बापलेकांत ठरलं, की आणखी एकदा जरी फिट आली, तरी मुकाट्याने पुण्याला यायचं. म्हणजे ती गोळी नुसती फिटसाठी नव्हती. त्या गोळीवर त्यांचं घर उभं होतं. हे कळल्यावर मी तिची टिंगल थोडी कमी केली.

एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पट्टी काढून दिली. साहेबांनी चष्मा लावून वाचली आणि परत सरकवली. दुसऱ्या कंपनीची होती. दुकानदार म्हणाला, "अंकल, सेम चीज़ है, बस नाम अलग है।" साहेब म्हणाले, असेलही सेम, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी बदलणार नाही. दुकानदार वैतागला, मागची गिऱ्हाइकं वैतागली, मीसुद्धा वैतागलो. दोन सिमेंट कंपन्यांची पोती एका भिंतीत जात नाहीत का? साहेब बाजूला उभे राहून फोन लावत राहिले, मग दुसऱ्या दुकानात गेले, मग तिसऱ्या. तिथे नेहमीची मिळाली. घरी चार दिवसांची गोळी शिल्लक असतानाच ते नवीन आणायला निघायचे, ते का, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसरी गोष्ट. एका सकाळी मी वर गेलो तर साहेब डोक्याला हात लावून बसलेले. आजची गोळी घेतली की नाही, आठवत नव्हतं. त्या गोळीने त्यांना पेंग यायची आणि बारीकसारीक विसरायला व्हायचं. मी म्हटलं, त्यात काय, घेऊन टाका आणखी एक, जास्त झाली तर जास्त बरं वाटेल. ते माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांना गच्चीवरून ढकलतोय. मग उठले, डबी आणली, त्या वाराचं सकाळचं झाकण उघडलं. खण रिकामा. घेतली होती. म्हणाले, "मिस्त्री, चुकली तर काय करायचं ते मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलंय. त्यात दोन एकदम घ्यायच्या, असं कुठेच नाही."

मग माझा हात धरून त्यांनी मला भिंतीवरच्या घड्याळासमोर नेलं. म्हणाले, आता तुम्ही एक काम शिका. मी कधी पडलो, तर हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत थांबलं नाही, तर अँब्युलन्स बोलवायची. मी म्हटलं, आमच्याकडे कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात. ते म्हणाले, तुमची चप्पल मी रोज बघतो, तेवढी दया करा.

हे सगळं झाल्यावर पुढच्या हिवाळ्यात काय घडलं, ते अजूनही मला उलगडलेलं नाही.

सकाळचं ऊन नुकतं बाकावर आलं होतं. आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. साहेब सांगत होते, की दिल्लीचा मटार जानेवारीत जसा गोड लागतो तसा, आणि तिथेच थांबले. मी मान वर केली. डोळे उघडे, पण बघत नव्हते. वाटी घरंगळली. मग अंग ताठ झालं आणि हिसके सुरू झाले.

मी त्यांना बाकावरून खाली गवतावर घेतलं. चष्मा काढला, मफलर सैल केला, माझा कोट डोक्याखाली घातला, कुशीवर वळवलं. तेवढ्यात माणसं जमली. तिवारी गार्ड बूट काढून नाकाशी न्यायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या बाई चमचा घेऊन धावत आल्या. एक जण पाय धरायला वाकला. मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "कुणी हात लावायचा नाही." मराठीत म्हणालो. माझ्याजवळ तेवढीच भाषा होती. पण सगळे थांबले. तिवारीचं मनगट ओढून मी घड्याळ बघत राहिलो. काटा पुढच्या आकड्याला पोचायच्या आत हिसके थांबले. मग ते घोरायला लागले आणि मी तिथेच गवतावर बसून राहिलो. आजूबाजूला मटार सांडलेले होते. वेचायला कुणी वाकलं नाही.

शुद्धीवर आल्यावर आधी त्यांना मी कोण तेच कळेना. मग हळूहळू कळलं. पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न बऱ्याच वेळाने आला.

"अभयला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिवारीला दम दिलाय."

त्यांना घरी झोपवून मी ती डबी उघडून बघितली. मागचे सगळे वार रिकामे, त्या सकाळचा खणही रिकामा. पट्टी नेहमीच्याच कंपनीची. ताप नाही, जागरण नाही, उपास नाही. सगळं ओळंब्यात. तरी भिंत पडली. माझ्या धंद्यात भिंत पडली, की कारण सापडतं. पाया कच्चा असतो, वाळूत माती असते, कुणीतरी घाई केलेली असते. इथे मी शोध शोध शोधलं आणि काही मिळालं नाही. मला राग आला, कुणाचा ते ठाऊक नाही. एवढी वर्षं इमानाने गोळी घेतली, तरी जर फिट येणारच, तर मग घ्यायची कशाला? आणि नागपूरला दोन दिवस चुकली तर लगेच आली, तर मग सोडायची कशी?

संध्याकाळी ते उठून बसले तेव्हा मी बोलून टाकलं. साहेब, कुणाला कळणार आहे? कुणी विचारलं तर मी सांगतो, साहेब दौऱ्यावर होते. खोटंही होणार नाही.

ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ते बागेत आले नाहीत. गोळी घ्यायचे, पण पंजा दाखवायचे नाहीत. ते त्या दोन दिवसांत काय करत होते, ते मला ठाऊक आहे. घर बघत होते. मी गेलो, की कधी खिडकीशी असायचे, कधी पुस्तकांच्या कपाटापुढे, एकदा तर बाथरूमच्या दारावरच्या त्या स्क्रूच्या भोकांवर बोट ठेवून उभे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आले आणि म्हणाले, "डॉक्टरांना सांगितलं. रात्री अभयलाही."

मला वाटलं, माणसाचं डोकं जागेवर नाही. मी म्हटलं, स्वतःच्या हाताने स्वतःचं घर का पाडलंत?

"भिंत वाकलीय हे माहीत असून तुम्ही वर वीट ठेवाल?"

"नाही ठेवणार."

"डॉक्टरांना सांगितलं नाही, तर डॉक्टरीणबाई जुन्याच मापाने गोळी देत राहणार."

"डॉक्टरला सांगा की. मुलाला कशाला?"

ते म्हणाले, "एकाला खरं आणि एकाला खोटं सांगायचं, तर कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. या गोळीवर ते जमत नाही हो, मिस्त्री."

मी म्हणालो, मी आहे ना इथे. ते म्हणाले, तुम्ही होतात म्हणून डोकं फुटलं नाही. पण तुम्ही माझ्यासाठी रोज बाकावर बसून राहणार का? मी म्हटलं, राहीन. मला वाटतं ते माझ्या उत्तराने खूश झाले, पण त्यांचं काही बदललं नाही.

मी त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडेही गेलो होतो. मोठं हॉस्पिटल, मोठी रांग. बाईंना विचारलं, साहेबांनीच माझं हिंदी करून सांगितलं, की हे बुवा विचारताहेत सगळं नीट असताना कसं झालं. बाई म्हणाल्या, कभी कभी ऐसा होता है, दवा से कम होते हैं, हर बार रुकते नहीं. आणि गोळीचं माप थोडं बदलून दिलं. कभी कभी म्हणजे काय उत्तर झालं? मी बांधलेल्या घराबद्दल कुणी मला असं विचारलं आणि मी कभी कभी म्हणालो असतो, तर लोकांनी मला गावातून हाकललं असतं. परत येताना मेट्रोत साहेब म्हणाले, त्या खरं बोलल्या म्हणून तुम्हाला राग आला. असेल. मला तेव्हा कळलं नाही, आताही नीट कळत नाही.

अभय आला. सामान फार निघालं नाही. स्कूटर तिवारीच्या भावाने नेली. साहेबांनी शेवटचं फडकं मारून किल्ली दिली आणि हेल्मेट घातल्याशिवाय बसायचं नाही, अशी ताकीद दिली. पुस्तकं वाचनालयात गेली. मी रिकाम्या खोलीत बाथरूमच्या दारावरची भोकं लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवली. कुणी सांगितलं नव्हतं. गवंड्याच्या हातून उघडी भोकं सोडवत नाहीत.

निघायच्या संध्याकाळी टॅक्सी गेटपाशी उभी होती. तिवारीने मला विचारलं, साहब निकल रहे हैं क्या? मी माझ्या हिंदीत म्हणालो, साहब को दौरा है. तो काठी टाकून टॅक्सीकडे पळाला. आत साहेब पाठीमागे रेलून आरामात बसलेले. त्यांना काय झालं ते कळलं आणि पहिल्या दिवशी हसले होते तसे हसले. मग अभयला म्हणाले, मिस्त्रीचं हिंदी पूर्ण झालं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. रात्रीच्या गोळीची वेळ होत आली होती. विमानतळावर रांगेत विसरायला नको. त्यांनी डबी काढली, त्या दिवसाचं रात्रीचं झाकण उघडलं, बाटलीतलं पाणी प्याले. अभय फोनमध्ये होता, त्याने बघितलं नाही. साहेबांनी काच खाली घेतली आणि उजवा पंजा उघडून बाहेर माझ्यापुढे धरला.

मी खिशात हात घातला. शेंगदाणे नव्हते. मग मी माझाच हात त्यांच्या हातावर ठेवला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत काढला नाही.